दोन घंट्या

नव्वदच्या आसपास मी इंदूरला एका बियाणं कंपनीत कॉम्प्युटरचं काम करत होते. इंदूर, महू, देपालपूर अशी तीन गोदामं, प्रत्येकात एक मशीन, आणि मशीनं टेलिफोनच्या लाइनवरून एकमेकांना साठा कळवणार. कोणी कोणाला काय सांगायचं, लाइन तुटली तर काय धरायचं, याचा नकाशा मी कागदावर गोल आणि बाण काढून करायची. एका गोष्टीवर मी हटून बसले होते. निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं कोणीही धरायचं नाही. एका सहकाऱ्याने तसं धरलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली होती.

घरी मात्र मीच उलटा नियम केला. आई गेल्यावर बाबा देपालपूरला एकटे राहायचे. रिटायर्ड मास्तर, रोजची विचारपूस त्यांना खपत नसे. दादा महूला, मी राजेंद्र नगरला. मग ठरलं की बाबांनी सकाळी आमच्यापैकी ज्याची लाइन लागेल त्याला दोन घंट्या द्यायच्या आणि फोन ठेवून द्यायचा. आम्ही उचलायचा नाही, एकमेकांना कळवायचंही नाही. दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटायचं.

एका मंगळवारी माझा फोन वाजला नाही. बुधवारीही नाही. मी डबा भरला आणि ऑफिसला गेले.

गुरुवारी बाबांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "मास्टरजी दरवाजा नहीं खोल रहे."

बाबा खुर्चीत होते. डॉक्टर म्हणाले, बसल्या जागी गेले, त्रास झाला नसावा; मंगळवार की बुधवार, ते नक्की सांगता येणार नाही. दादा दाराशी उभा होता.

"मंगळवारी तुझ्याकडे आली होती ना घंटी?" त्याने विचारलं.

"नाही. मला वाटलं तुझ्याकडे आली असेल."

मला रडू आलं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचीही लाज वाटत नव्हती. मी चहा केला, नातेवाइकांना कळवलं, साखर संपली म्हणून आणवली.

दहाव्याला गुरुजींनी तिथी विचारली. दरवर्षीचं श्राद्ध त्याच तिथीला करायचं असतं. मंगळवारी एकादशी होती, बुधवारी द्वादशी. डॉक्टर काय म्हणाले ते गुरुजींनी ऐकलं होतं. तुम्हीच ठरवा, म्हणाले. एकादशी म्हटलं असतं तर बाबा दोन दिवस तसेच बसून होते, असं झालं असतं. द्वादशी म्हटलं तर एकच. मंगळवारी आमच्यापैकी कोणाचाच फोन वाजला नव्हता, हे तिथे बसलेल्यांपैकी फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"द्वादशी," मी म्हणाले.

दादाने मान हलवली. गुरुजींनी लिहून घेतलं, आणि तेव्हापासून दरवर्षी आम्ही द्वादशीलाच बाबांचं पान वाढतो.