जाणारीने येते म्हणू नये

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी माझ्या भाचीइतकं विमानाचं वेड असलेलं आणि विमानात कधीही न बसलेलं माणूस सापडणार नाही. विमान चालवायची तिला हौस नव्हती. खाली बसून वरच्या विमानांना कोणी आधी उतरायचं आणि कोणी थांबायचं हे सांगायची नोकरी तिला हवी होती. अशी नोकरी असते हेच मला माहीत नव्हतं. मी चौथी शिकलेली. मी म्हटलं, आभाळ एवढं मोठं, ज्याचा तो बाजूने जाईल की. "तसं न्हाई आत्या, टक्कर होती," ती म्हणाली. नारायणगावच्या चौकात टोमॅटोच्या गाड्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे मला पटलं.

माझ्या भावाचं घर त्याच चौकाजवळ. तिथे गोंगाट फार, म्हणून ती अभ्यासाला माझ्याकडे डिंभ्याला आली. आमच्याकडे एसटीसुद्धा मनात आलं तरच येते, इतकी शांतता. पण शांततेसाठी आलेल्या या बाईने पहिल्याच दिवशी टीव्ही मोठा केला, मिक्सर लावला आणि मला समोर बसवलं. परीक्षेत म्हणे कानात आकडे चालू असतात, समोर गणितं असतात आणि दोन्ही एकदम सांभाळायचं असतं.

"आता तू मला बोल, आत्या."

"काय बोलू?"

"शिव्या दे. मनापासून. माझं ध्यान उडालं पायजे."

जन्मभर मी लोकांना आपणहून बोलत आले, विनंती अशी पहिल्यांदाच आली. मी तिच्या केसांपासून सुरुवात केली, मग चालण्यावर आले, आणि तिच्या बापापर्यंत पोचले तरी पोरगी गणितं बरोबर सोडवत होती. मला तो माझा अपमान वाटला.

पुढे घराचा विमानतळ झाला. तिने तळहात दाखवल्याशिवाय शेळीने उंबरा ओलांडायचा नाही. दोन शेळ्या एकदम दाराशी आल्या तर एकीला आंब्याभोवती फेरी मारायला लावायची. महिन्याभरात शेळ्या शिकल्या. कोंबड्या शिकल्या नाहीत, तेव्हा "ह्यांना लायसनच द्यायला नको व्हतं," म्हणून तिने त्यांना सोडून दिलं. सांगितलेलं प्रत्येक वाक्य विमानवाल्यांसारखं परत म्हणून दाखवायचं हा आणखी एक नियम. मी "मीठ दे" म्हणायचं, तिने "मीठ देते" म्हणायचं, आणि मी "मीठ मिळालं" म्हणेपर्यंत वाटी सोडायची नाही. आमटी निवून जायची. नोकरीआधी नशेची तपासणी असते आणि खसखस खाल्ली तरी त्यात अफू दिसते असं तिने कुठेतरी वाचलं. मग दिवाळीत अनारशाला हात लावला नाही, आणि माझा मिसरीचा डबा गोठ्यात नेऊन ठेवला. "शेळ्यांची तपासणी न्हाई का गं?" मी विचारलं. तिने जाऊन डबा शेळ्यांचं तोंड पोचणार नाही इतका वर टांगला.

पण खरा घोटाळा झाला तो एका शब्दावरून. आपल्याकडे निघणारा माणूस "येतो" म्हणतो. जातो म्हणायचं नसतं. जातो म्हणून जो जातो त्याच्यामागे आपण सुतक पाळतो. भाचीला हे एकाएकी भयंकर वाटू लागलं. जाणारं विमान येतो म्हणालं तर खालच्याने काय समजायचं? म्हणून आमच्या घरातून निघणाऱ्याने "जातो" म्हणायचं, त्याशिवाय परवानगी नाही. शेजारचे तात्या चहाला आले होते. चहा झाला, काठी घेतली, "येतो" म्हणाले.

"तात्या, नीट सांगा. येताय का जाताय?"

"ह्या वयात मी जातो म्हणायचा न्हाई पोरी. वरचा टपून बसलाय, त्यानं ऐकलं तर?"

ती ऐकेना, ते म्हणेनात. तात्या पुन्हा बसले. दुसरा चहा झाला, भाकरी झाली, त्यांची सून दोनदा डोकावून गेली. शेवटी मीच म्हटलं, "तात्या, निघतो म्हणा आन् सुटा." ते "निघतो" म्हणाले, तिने तळहात दाखवला, आणि तात्या आंब्याला फेरी न मारता घरी गेले.

लेखी परीक्षेत ती पास झाली. राहिली आवाजाची परीक्षा, ती दिल्लीला. ही शेवटची खेप होती, पुढच्या वेळी वय बसत नव्हतं. परत आली ती तोंड पाडून.

"सगळं विंग्रजी नीट बोलले, आत्या. शेवटी सायब म्हणाले, तुम्ही जाऊ शकता. आन् माझ्या तोंडून मराठीत गेलं, येते."

"मग सायब काय म्हणला?"

"हसला."

"मग आपल्याकडचाच आसंल."

तिला ते पटलं नाही. त्या संध्याकाळी शेळ्या आल्या तेव्हा तिने हात वर केलाच नाही. शेळ्यांनी वाट पाहिली, मग दोघी एकदम घुसल्या आणि दारात अडकल्या. तेव्हा मला कळलं की पोरगी खरंच खचली आहे. निकाल लागेपर्यंत मीठसुद्धा न बोलता द्यायची. मी मुद्दाम शिव्या दिल्या, तर नुसती ऐकून घ्यायची. शिव्या देण्यात मजा राहिली नाही.

निकाल लागला, आणि तिची निवड झाली. दूरच्या मुलखात ट्रेनिंग, पुढे कुठल्या विमानतळावर टाकतील ते त्यांचं त्यांनाच माहीत. मंचरची जीप दाराशी उभी राहिली तेव्हा ती नियमाने म्हणाली, "निघते, आत्या."

मी म्हटलं, "चुकीचं म्हण."

"काय?"

"दिल्लीत म्हणलीस ते. तिथं चाललं, मग हितं का न्हाई?"

जीपवाला हॉर्न वाजवत होता. "येते," ती म्हणाली. मीही नियमाने परत म्हणून दाखवलं, "ये."

अजून आलेली नाही. सुट्टी मिळत नाही म्हणते. विमानं काय, रोजच उडतात. मिसरीचा डबा मी गोठ्यातून परत आणला आहे. शेळ्या मात्र मूर्ख. संध्याकाळी अजूनही उंबऱ्याशी थांबतात आणि आत बघत राहतात. मग मला उठून दारात यावं लागतं आणि "ये" म्हणावं लागतं.