नानांच्या भुईकाट्यावरचा छोटा बोर्ड

ये रेणू, खुर्ची जरा इकडे ओढ. उंबऱ्यातूनच काय विचारतेस, "मावशी, स्वस्तातला मदरबोर्ड म्हणजे फेकायचाच माल ना?" ज्या मालावर मावशीचं दुकान चाललं, त्याला असं बोलतात होय? बस, आणि मधेच मोबाईल काढू नकोस.

गेल्या मे महिन्यात दोंडाईच्याहून नानांचा फोन आला. नानांचा भुईकाटा आहे, अख्खा ट्रॅक्टर वर चढवून वजन करतात तो. मीच जोडून दिलेला कॉम्प्युटर सकाळपासून चालूच होत नव्हता. मक्याचा सीझन, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि थोडं पुढे दुसऱ्याचा नवा काटा. शेतकरी एकदा तिकडे वळला की परत येणं कठीण. मी धुळ्याहून तशीच निघाले.

पोहोचले तर नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, तुमना बोर्डच हलका शे." आणि एक मोठं खोकं पुढे केलं. जावयाने सुरतहून पाठवलेला गेमिंग बोर्ड, रंगीत दिवेवाला. हा बसवा, तो फेका.

मी म्हटलं, "बसवणार नाही."

"मंग दुसराले बलावू?"

"खुशाल बोलवा. पण माझा बोर्ड आधी मी उघडणार, या सगळ्यांसमोर. दोष त्याचा निघाला तर इथेच सांगेन."

आता तो बोर्ड कसा, ते ऐक. पोळपाटावर मावेल एवढा. रॅमला दोनच स्लॉट. ग्राफिक्स कार्डाला एक. प्रोसेसरला मोजून-मापून करंट देणारे भाग असतात, त्यांना व्हीआरएम म्हणतात. महागड्या बोर्डावर त्यांच्या डोक्यावर हीटसिंक असतं, उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा. इथे ते उघडेच. म्हणून यावर ताकदवान प्रोसेसर लावायचा नाही, आपल्याकडच्या उन्हात तर नाहीच. नानांना मी छोटाच लावून दिला होता. वजनाची पावती काढायला तेवढा पुष्कळ झाला. आणि या बोर्डाला मागे जुना सिरीयल पोर्ट आहे. काट्यावरचं वजन त्याच वायरीतून कॉम्प्युटरमध्ये येतं. सुरतच्या बोर्डाला तो नव्हताच. कन्व्हर्टर लावता येतो, नाही असं नाही. पण नानांचं सॉफ्टवेअर जुनं. ते जुळवणारा माणूस येईपर्यंत रांग उरली नसती.

केबिनमध्ये शिरले आणि बघतच राहिले. सीपीयूच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढून ठेवलेला. समोर हा भला मोठा पाण्याचा कूलर, तोंड थेट बोर्डाकडे.

"नाना, हे कोणी केलं?"

"मीच. तुम्हीच सांगं ना, गरम व्हई म्हनीसन. मी सोता घाममा बठस, हवा बठ्ठी त्याले देस." स्वतः घामात बसून सगळी हवा बोर्डाला दिल्याचा चेहऱ्यावर अभिमान.

कूलरमध्ये बोअरचं खारं पाणी. त्याचे बारीक तुषार हवेबरोबर रोज आत. रॅमच्या स्लॉटवर पांढरी खपली धरली होती, किटलीच्या तळाला धरते तशी. मी बोर्ड बाहेर काढला आणि सरळ रांगेतल्या लोकांसमोर धरला. म्हटलं, बघा, हलकं काय आहे ते. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "नाना, आमले पन लावा ना कूलर." सगळे हसले. नाना नाही हसले.

ब्रशने खपली काढली, स्पिरिटने पुसलं, रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासले, सगळं नीट वाळवलं. पहिल्या स्लॉटवर काहीच नाही. दुसऱ्यावर स्क्रीन उजळली. एक स्लॉट कायमचा गेला होता, तेही मी मोठ्याने सांगितलं. दोनातला एक गेला की हाताशी जादा काही राहत नाही, ही या बोर्डाची खरी मर्यादा.

पत्रा परत बसवला, मागे छोटा पंखा लावला, कूलर नानांच्या खुर्चीकडे फिरवला. पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला, स्क्रीनवर वजन आलं, पावती निघाली. रांगेतून कोणी वळलं नाही.

"माझं चुकलं" असं काही नाना म्हणाले नाहीत. मी वाटही पाहिली नाही. सुरतचं खोकं परत गेलं. तो बोर्ड अजून एका स्लॉटवर चालतोय. स्वस्त वस्तूला तिच्या बेताचं काम द्यावं, आणि फार लाड करू नयेत.

निघालीस? अशी उभ्या उभ्या येत जाऊ नकोस गं. पुढच्या खेपेला चार दिवस मुक्कामाला ये, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करते. लवकर ये.