धरून बसायला शिकवणाऱ्या अक्का

"गाडी कलंडली तर उडी मारायची न्हाई. धरून बसायचं." हे सांगताना अक्का दोन्ही मुठी छातीसमोर आवळायच्या, जणू स्टिअरिंग हातातच आहे. हुमनाबादच्या गोदामात मी स्टोअर सांभाळतो. आम्ही सगळे त्यांना अक्काच म्हणायचो.

त्यांचे यजमान इथेच माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायचे. उतारावर वळताना गाडी कलंडली, त्यांनी जीव वाचवायला बाहेर उडी मारली आणि गाडीचं छत त्यांच्याच अंगावर आलं. कंपनीने अक्कांना पॅकिंगमध्ये घेतलं. पहिल्याच दिवशी त्या मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. "मला ती गाडी शिकायची हाय."

"कामून, अक्का? दुसरं काम न्हाई का?"

"तिनंच नेलं त्यांना. तिला ओळखल्याबगर मला झोप न्हाई."

शिकल्या. मग नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं कामही मागून घेतलं. मंठाळहून पहिल्या बसने यायच्या. साडीवर पिवळं जाकीट, पायात जाड बूट. कुणी सीटचा पट्टा बांधलेला नसला की सरळ किल्ली काढून घ्यायच्या.

एक जुना ड्रायव्हर हसायचा, "अक्का, मी काय पाळण्यातलं लेकरू हाय, बांधून ठेवायला?"

"व्हय. तुझ्या आईला इचार."

सणाच्या घाईत त्याच ड्रायव्हरने माल उंच उचललेला ठेवूनच उतारावर वळण घेतलं. एका बाजूची चाकं उचलली. मी दारातच होतो. त्याचा हात पट्टा सोडायला गेलेला मला दिसला. अक्का आवारातून ओरडल्या, "सोडू नको! धर! धरून बस!"

गाडी धाडकन आडवी झाली, पोती फुटली. धूळ बसली तेव्हा तो आत स्टिअरिंगला चिकटून होता. खांदा दुखावला होता, बाकी धड.

सगळे त्याच्याकडे धावले. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. मी पाणी नेलं. तांब्या हातात तसाच धरून म्हणाल्या, "ह्यो ऐकला बघा, अण्णा. त्यांना कुणी सांगितलंच न्हवतं." मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला उतारावर उभं करून त्यांनी तिथलं वळणच कायमचं बंद करून घेतलं.

आता त्या कलबुर्गीला असतात. तिथल्या एका कारखान्याने बायकांना फोर्कलिफ्ट शिकवायला त्यांना बोलावून घेतलं. निरोप द्यायला आम्ही स्टँडवर गेलो. बस भरलेली. कंडक्टरशी कन्नडमध्ये भांडत त्यांनी दारातली गर्दी आत सरकवली. आम्ही हात हलवत होतो. त्यांनी वळून पाहिलं नाही. एका म्हातारीला हाताला धरून त्या वर घेत होत्या.