कोपरा फाटलेल्या कार्डामागे हिवरखेडला

आमच्या बाबांचा एक हातखंडा किस्सा आहे. लग्नाची पंगत असो की वाढदिवस, तो होतोच. पूर्वी कोणी वारलं की कळवायच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडत. असलं कार्ड घरात नेत नसत, दाराबाहेर वाचून तिथंच फाडून टाकत. शांताआत्याला अकोल्याच्या एका शाळेनं मास्तरीण म्हणून बोलावलं, ते कार्ड टपालातच फाटलं. आजोबांनी कोपरा पाहिला आणि धसक्यानं कुणाला वाचूही न देता ते चुलीत घातलं. अख्खं घर सुतक समजून गार पाण्यानं न्हालं! खरं काय ते पोस्टमननं नोकरीची चौकशी केली तेव्हा कळलं, तोवर जागा भरलेली. इथे लोक हसून लोळतात.

टपालाच्या विसरलेल्या रीतींवर लिहायचं होतं. म्हटलं, हा किस्सा आत्याच्याच तोंडून ऐकू.

राजापेठेतून ऑटोनं बडनेरा, तिथून रेल्वेनं अकोला. स्टँडवर आलूबोंडा खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. अकोटमार्गे हिवरखेडची एसटी धरली. बायकांना तिकीट अर्धं, पण रस्ता कंबरेकडून पुरतं वसूल करतो.

"काहून वं, एकदम आली?" आत्या शिलाई मशीनवरूनच म्हणाली. आयुष्यभर तिनं गावाचे ब्लाउज शिवले. पातोडीची भाजी आणि भाकरी वाढता वाढता तिनं पुढची गंमत सांगितली. त्या कार्डानंतर पोस्टमननं नवाच प्रयोग काढला. प्रत्येक कार्ड दारात उभं राहून मोठ्यानं वाचायचा, म्हणजे फुकट रडारड नको. "कोनाची सून रुसली, कोनाले मूळव्याध, साऱ्या गल्लीले ठाऊक! मंग लोकायनंच त्याले बंद करायले लावलं."

मी पोटभर हसले आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "आता तुझ्या कार्डाचं सांग. टपालात फाटलं कसं?"

"टपालात नाई फाटलं," ती पुन्हा मशीनवर बसली. "पोस्टमननं पारापाशी तुह्या बापाच्या हातात शाबूत देल्लं होतं. घरी येईपर्यंत कोपरा गेला."

"कोणी सांगितलं तुला?"

"पोस्टमननंच."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मले इचारलं कोनं? तो सांगून राहिला, तुमी हासून राहिले." तिनं दोरा तोडला. "तुले त शिकवलं ना त्यानं. बरं केलं."

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं काही नाही. मला बाबांची भयंकर चीड आली होती आणि स्वतःच्या हसण्याची लाजही वाटत होती.

घरी पोचल्याबरोबर बाबांना विचारलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आई नव्हती आमची. शांता गेली असती त भाकऱ्या कोनं थापल्या असत्या?" म्हणाले आणि आवाज पुन्हा वाढवला.

पुढच्याच आठवड्यात बडनेऱ्याला चुलतभावाचं लग्न होतं. पंगतीत कोणीतरी म्हणालं, "काका, तो कार्डाचा किस्सा होऊन जाऊ द्या!" आत्या समोरच जेवत होती. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली. कोपऱ्यापाशी सगळे हसले.

हशा ओसरल्यावर मी मोठ्यानं विचारलं, "बाबा, कोपरा फाडला कुणी?"

"टपालवाल्यायनं. दुसरं कोन?"

पुन्हा हशा झाला. आत्यानं वाढप्याला हाक मारून बुंदी मागून घेतली.

म्हणून हे इथे लिहिलं. बाबा माझा ब्लॉग नेमानं वाचतात.