गोलातली जागा

शिरूरला भाड्याच्या खोलीत राहून जवळच्या कारखान्यात नोकरी करायचो, तेव्हाची गोष्ट. ट्रेनिंगला पुण्याहून टाय लावलेले एक गृहस्थ येत. ‘टेक्निक पक्कं झालं की स्किल आपोआप येतं,’ असं ते इतक्या खात्रीनं सांगत, की पंचविशीतल्या मला ते खरंच वाटलं.

मी ते गजीवर वापरून पाहिलं. गजी म्हणजे ढोलाच्या तालावर, हातात रुमाल घेऊन गोलात खेळायचा आम्हा धनगरांचा नाच. खुटबावच्या आमच्या वस्तीवरची पोरं चालायला शिकता शिकता तो शिकली. मी त्या वयात हॉस्टेलवर होतो. त्यामुळे गावी गेलो की लोक मला खुर्ची देत, परक्याला देतात तशी. मला गोलात जागा हवी होती.

वर्षभर दार लावून पावलं घोटली. ढोल नव्हता, म्हणून मनात आकडे मोजायचो. खालच्या मजल्यावरचे घरमालक एकदा वर येऊन तब्येतीची चौकशी करून गेले.

जत्रेत गोलात शिरलो. एकही पाऊल चुकलं नाही. तरी माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होत गेली.

“आप्पा, कुठं चुकलं?” मी चुलत्यांना विचारलं.

“चुकलं न्हाई, त्येच तर,” ते घाम पुसत म्हणाले. “ढोलवाला मधीच ताल वढतो, आमी त्याच्या मागं धावतो. तू आपला सरळ जातोस, येष्टीवानी.”

“मग काय करू?”

“त्ये मला काय ठावं? मला कुणी शिकवलंय व्हय?”

मागून कुणीतरी ओरडलं, “टायमटेबल बदला, सायेब!” सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या वर्षी जत्रेला स्टेज आलं, दौंडहून पाहुणे आले, त्यांच्यामागून शाली आल्या. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. “तुम्हीच बोला. गजीची माहिती तुमच्याएवढी कुणाला हाय?” खरंच नव्हती. मी पावलांचे प्रकार सांगितले, ताल सांगितले. टाळ्या पडल्या.

मग खाली गोल सुरू झाला. खेळणाऱ्यांची तोंडं आत असतात, त्यामुळे मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. ढोलवाल्यानं मध्येच लय ओढली आणि अख्खा गोल तिकडं कलला.

शेजारच्या पाहुण्यांनी वाकून विचारलं, “तुम्ही नाही खेळत?”

“नाही,” मी म्हणालो. “मला नुसतं येतं.”