उशाशी भांडणारी बाई

लीलाताई हटवार यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातूनच झाली, आणि त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात ते लपवून ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून नव्यानेच रुजू झाले होते. ताई बाळंतपणाच्या वॉर्डच्या प्रमुख होत्या. कळा सुरू झालेल्या एका बाईला त्या विचारत होत्या, "काय वं, आडवी होतेस का बसून राहतेस? चहा घेशील का थोडा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सिस्टर, हा दवाखाना आहे का खानावळ?" ताई शांतपणे म्हणाल्या, "खानावळीत तरी विचारतात, शोभा. आपल्या इथं कोण विचारते?" यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि ती सल अजून आहे.

आता ग्रंथ निघतो आहे खरा, पण परवापरवापर्यंत सत्काराचाच पत्ता नव्हता. मंडप ठरला, भंडाऱ्याचे पाहुणे ठरले, आणि ताईंनी समितीला साफ कळवलं, "मी येत नाही." सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नवरीच नाही म्हणते तर वऱ्हाडाने करायचं काय? "शोभाताई, तुम्हीच जा. तुम्हाला त्यांच्याशी भांडायची सवय आहे," म्हणून मला पुढे ढकललं. तिथे काय झालं ते सांगते, पण आधी रंजनाचं सांगायला हवं.

रंजना सिहोऱ्याकडची, पहिलटकरीण. रक्तदाब वाढलेला, आणि ही बाई गाठोडं काखेत मारून वॉर्डच्या दारात उभी. "मी घरी जाऊन राहिलो!" एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू, आणि दोघी आपापली बाळंतपणं रंगवून सांगत होत्या. ती घरी गेली असती तर काय झालं असतं हे मला आणि ताईंना ठाऊक होतं. मी आवाज चढवला. ताईंनी मला मागे सारलं आणि सवयीप्रमाणे तिलाच विचारलं.

"तुले उशाशी कोण पायजे?"

"माही जाऊ," रंजना म्हणाली.

सासूने कपाळावर हात मारून घेतला. "अवं, दोघी एका चुलीवर राहत नाहीत! दिवसभर कचकच!"

"म्हणूनच पायजे," रंजना म्हणाली. "तिच्यासंग भांडतो तं मले दुसरं काही सुचत नाही."

डॉक्टरसाहेब हसले. मी हसले नाही, कारण उशाशी आई किंवा सासू, अशी आमची रीत होती. पण ताईंनी माणूस पाठवला. जाऊबाई धानाच्या रोवणीतून थेट उठून आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल. "या पायांनी आत पाऊल टाकायचं नाही!" मी दार अडवलं, आणि माझं आजही तेच मत आहे. ताईंनी त्यांना नळाखाली नेऊन स्वतःच्या हातांनी पाय चोळून धुतले.

मग जे झालं ते मी नोकरीत पुन्हा कधी पाहिलं नाही. सासूने दिलेला पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, कोणाचा, यावर दोघींची जुंपली. रंजना टेबलावर चढायला तयार नव्हती, म्हणून ताईंनी खाली गादी टाकली. एकेका आरोपासरशी रंजना अशी जोर लावायची की मला काही सांगावंच लागलं नाही. गंजाचा निकाल लागायच्या आत मुलगी जन्मली, मायलेकी सुखरूप. जाऊबाईंनी बाळ पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक तं माह्यावरच गेलं!" त्यावर पुन्हा सुरू.

त्यानंतर प्रत्येक बाईला तो प्रश्न विचारायचा, असं ताईंनी आम्हाला लावून दिलं. कोणी नणंद मागायची, कोणी शेजारीण, एकीने तर नवराच मागितला आणि तो बेशुद्ध पडला, तेव्हा त्यालाही आम्हीच सांभाळलं. मी दर वेळी कुरकुरले. पण विचारलेली बाई पळून जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर, मी ताईंच्या घरी गेले आणि दारातच सुरू केलं. "ताई, काहून असा हट्ट? सिंहासनासारखी खुर्ची सांगितली आहे, ढोल-ताशा सांगितला आहे, अकरा वक्ते..."

"मले विचारलं काय कोणी?" ताई म्हणाल्या.

ज्या बाईंनी आम्हाला जन्मभर विचारायला शिकवलं, त्यांनाच आम्ही विचारलं नव्हतं. सगळ्या समितीत एकीलाही सुचू नये! मी खाली बसले आणि विचारलं, "ताई, तुम्हाला काय पायजे?"

"ढोल नको, डोकं उठते. खुर्ची साधी ठेवा, मंचावर नाही, खाली. गुडघे दुखतात. अन् बाजूले आणखी एक खुर्ची."

मला वाटलं, ताईंची नागपूरची मुलगी येत असेल. म्हटलं, "कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. एवढ्या लोकांत माझे हातपाय गार पडतात, शोभा. उशाशी भांडणारं कोणी तं पायजे."

मी रडले. रडता रडता, "खाली बसलात तर मागच्यांना दिसणार कसं?" म्हणून भांडलेही. ताईंचा चेहरा खुलला आणि त्या यायला तयार झाल्या.

ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. गुडघ्यांनी त्यांचं ऐकावं, आणि कान तर शेवटपर्यंत तिखट राहावेत. खानावळीचं उत्तर मला अजून द्यायचं आहे.