हात जोडून शिकलेलं इंग्रजी

"खाली कर ते हात. इथं काय वंदना सुरू आहे का?"

सर असं म्हणाले तेव्हा मला कळलं, की माझे हात जोडलेले आहेत.

वर्ध्याचं कॉलेज, बी.ए.चं पहिलं वर्ष, इंग्रजीचा तास. हू आणि विचनं जोडलेल्या वाक्यात कॅन, मस्ट, शुड कसे वापरतात, असं सरांनी विचारलं होतं. दुसऱ्या कोणाचाच हात वर गेला नाही. माझा गेला. मला येत होतं ना! सरांनी आधी पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकून म्हणाले, "अच्छा." त्या 'अच्छा'चा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. तरी मी उभी राहिले आणि सांगायला लागले. जसं शिकले होते तसंच ते तोंडातून आलं. चालीवर, मोठ्यानं, डोळे मिटून.

"हू आला का मानूस समजा. विच आला का वस्तू समजा. मंग कॅन आला, त जमते. मस्ट आला, त करा लागते. शुड आला, त कराले पायजे..."

पहिल्यांदा कोणीतरी मागच्या बाकावर फिसकन हसलं. मग सगळा वर्ग.

हिंगणीला आमच्या विहारात इंग्रजी असंच शिकवलं जायचं. शिकवायची ताई. आमच्याच गल्लीतली, सख्खी नव्हे, पण सगळ्या पोरांची ताईच. गल्लीतली पहिली बी.ए. तिला नोकरी लागली नाही, तेव्हा तिनं रविवारची वंदना संपली की पोरांना थांबवून घ्यायला सुरुवात केली. हात आधीच जोडलेले असायचे, चाल आधीच गळ्यात असायची. त्याच चालीवर ताई अर्धी ओळ म्हणायची, उरलेली आम्ही. ती सांगायची, दीक्षेनंतर आपल्या आज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पालीचा एक शब्द कळत नव्हता, तरी सगळी वंदना त्यांनी तोंडानं पाठ केली. उभं राहून, हात जोडून, एकमेकांचं ऐकून. "तवा त्याईले जमलं, मंग तुमाले इंग्रजी काऊन नाई जमन?" वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी त्या वर्गात मी शहाणी होते. मोठी होऊन इंग्रजीची मास्तरीण व्हायचं, हे माझं तिथंच ठरलं होतं.

सरांनी वर्गाचं हसणं थांबवलं नाही. थोडं होऊ दिलं. मग फळ्याकडे वळून लिहिलं.

धिस इज द गर्ल हू कॅनॉट बी टॉट.

ही ती मुलगी, जिला शिकवता येऊच शकत नाही. "आता यातला कॅनॉट काढा," ते वर्गाला म्हणाले, "आणि दुसरं काहीतरी घाला. एकेकानं उठायचं." मला म्हणाले, "तू उभीच राहा. उदाहरण समोर असलं की लवकर समजतं."

पोरं उठायला लागली. हू शुड सिट ॲट द बॅक. व्हेरी गुड. हू मस्ट लर्न मॅनर्स. व्हेरी गुड. हू मे गो होम. माझ्यावर एकेकानं क्रियापद लावून पाहिलं, दुकानात चप्पल पायात घालून पाहावी तसं. शेवटी माझ्या शेजारची उठली. केळझरची होती. आम्ही एकाच एस.टी.नं यायचो, माझ्या डब्यातली भाजी तिला आवडायची. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली मान घालून म्हणाली, "हू शुड हॅव स्टेड इन हर व्हिलेज." जिनं आपल्या गावातच राहायला हवं होतं.

सगळ्यांत बरोबर वाक्य तिचंच, असं सर म्हणाले. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीसुद्धा घेतलं.

त्यानंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही. उभं राहावं लागलं तर हात पाठीमागे धरायचे, ही सवय लावून घेतली. पण गोष्ट वर्गात राहिली नाही. एस.टी.त चढली. सेलूपासून पोरं बसायची, मी दिसले की हात जोडायची, डोळे मिटायची आणि गायची, "हू आला का मानूस समजा." मी खिडकीबाहेर बघत राहायची. घरी मायला यातलं काही सांगितलं नाही. सांगून ती काय करणार होती? बिचारीनं आणखी एक दुःख पदरात बांधून ठेवलं असतं.

एक दिवस त्याच गाडीत ताई होती.

तिला वर्ध्याला काम होतं. ती पुढे बसली होती, मी मागे उभी. पोरांनी सुरू केलं. ताईच्या कानावर तिचीच ओळ पडली आणि ती झटकन वळली. हसत वळली. आपलं शिकवलेलं कुठवर गेलं, सेलूची पोरंही म्हणतात, असं तिला वाटलं असणार. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग तिनं जोडलेले हात पाहिले, वेडावत मिटलेले डोळे पाहिले आणि शेवटी मला पाहिलं. हसू तसंच राहिलं थोडा वेळ, काढायचं कसं ते न कळल्यासारखं. मग ती पुढे तोंड करून बसली. वर्धा येईपर्यंत हलली नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती.

"कवापासून करून राह्यले थे पोट्टे असं?"

मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागले.

"म्याच तुले चुकीचं शिकवलं न, बाई."

"नाई ताई."

"चुकीचंच. शयरात असं म्हनत नसतीन. मले कोनी सांगतलंच नाई."

पुढच्या रविवारी वंदना झाली. पोरं हात जोडून थांबली. ताई म्हणाली, "हात खाली करा. आता मनातल्या मनात वाचा." फळ्यावर तिनं वाक्यं लिहिली आणि गप्प बसली. पोरंही गप्प. आवाज नाही म्हटल्यावर लहान पोरांना करमेना. दोन-तीन रविवारांत वर्ग विरळ झाला, पावसाळ्याआधी बंद पडला. फळा विहाराच्या मागच्या खोलीत गेला. माझा अपमान मी सोसला असता. वर्ध्यातल्या एका माणसानं हिंगणीतला फळा भिंतीवरून उतरवला, हे मला सोसलं नाही. मी त्या खोलीत जाऊन खूप रडले.

तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षा होती. टेबलामागे तेच सर, शेजारी बाहेरगावच्या कोणी मॅडम. सरांनी मला पाहिलं, मॅडमकडे बघून हसले आणि म्हणाले, "हिची एक गंमत आहे. काय गं, ते तुझं वंदनेचं व्याकरण अजून पाठ आहे का? मॅडमला ऐकव."

हात पाठीमागे होते. मी ते पुढे आणले. जोडले. डोळे मात्र मिटले नाहीत. सरांकडे बघत, मोठ्यानं, चालीवर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं म्हटलं. बाहेर रांगेत उभी असलेली पोरं दारातून डोकावली. मी थांबले नाही.

"बस, बस," सर म्हणाले.

"सर, ही गंमत नाही," मी म्हटलं. "आमच्या आज्या असंच शिकल्या. मीही असंच शिकले. तुम्ही माझ्यावर एक वाक्य लिहिलं होतं. ते परत घ्या."

"कुठलं वाक्य?"

त्यांना आठवतच नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. माझी तीन वर्षं गेली, ताईचा आवाज गेला आणि या माणसाला ते वाक्य आठवतही नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय!

मी त्यांना ते सांगितलं. मग वर्गानं केलेली वाक्यंही सांगितली, कोण काय म्हणालं त्या क्रमानं, केळझरवालीच्या वाक्यापर्यंत. मॅडम खाली बघत होत्या. सर म्हणाले, "अगं, ते उदाहरण होतं. इतकं मनाला लावून घेतात का?"

"मी उदाहरण नाही," मी म्हटलं आणि निघाले. त्यांनी जा म्हणायची वाट पाहिली नाही. मार्क काठावरचे पडले. पडू देत.

ताईला जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, ती फळा काढेल. तिनं माझे हात हातात धरले. म्हणाली, "नाई जमत मले आता. तोंडच उघडत नाई, बाई. वर्ग तू घेजो."

म्हणून मी घेते. बी.एड. करते आहे आणि रविवारी वंदनेनंतर पोरांना थांबवून घेते. फळा पुन्हा भिंतीवर टांगला आहे. पाच-सहा पोरं येतात. ताईचं घर विहारासमोर आहे. ती ओट्यावर बसून असते, सगळं ऐकते. ओठ हलत नाहीत. एकदा मी तिला हाक मारली तर उठून आत गेली. तिचा आवाज परत येईल असं मी आता स्वतःला सांगत नाही.

माझ्या पोरांना मी मनातल्या मनात वाचायला सांगणार नाही. ती हात जोडून, चालीवर, मोठ्यानं म्हणतील. हिंगणीत म्हणतील आणि वर्ध्याच्या त्याच वर्गात, त्याच सरांसमोर उभी राहूनही म्हणतील. कोणी म्हणालं, खाली कर ते हात, तर काय करायचं तेही मी त्यांना शिकवते आहे. हात खाली करायचे नाहीत. ओळ पहिल्यापासून म्हणायची.